भरवशाची पेटी

आमच्या ह्यांच्या शर्टाच्या खिशात पेन नसतं, केबल असते. निळी, चपटी, हातभर लांब. लग्नाला जायचं असो, मयतीला जायचं असो, केबल बरोबर. शहराच्या पाणीपुरवठा केंद्रावर त्यांना नावानं कुणी हाक मारत नाही, सगळे ‘केबलभाऊ’च म्हणतात. सुरुवातीला मला राग यायचा. आता किराणावालासुद्धा मला केबलवहिनी म्हणतो आणि मी ओ देते.

काम काय, तर शहरात पाणी चढवणाऱ्या पंपांवर चार यंत्रं लक्ष ठेवतात आणि त्यांतलं एक मुख्य. ही यंत्रं नेटवर्कवर एकमेकांशी बोलतात. नेटवर्क मेलं की मुकी होतात आणि पंप सावधगिरी म्हणून थांबतात. पण प्रत्येक यंत्राच्या पाठीला एक जुन्या पद्धतीचं भोक असतं. बाकी सगळं मेलं तरी त्या भोकात केबल खुपसून यंत्राशी अक्षरा-अक्षरानं बोलता येतं. काळा पडदा, पांढरी अक्षरं, चित्र नाही, बटण नाही. ते बोलणं केंद्रावर फक्त ह्यांना येतं. आणि त्यासाठी केबल घेऊन यंत्रापाशी स्वतः उभं राहावं लागतं.

म्हणून अकरा वर्षं हे शहराबाहेर गेले नाहीत. कपाटाच्या दाराला आतून शहराचा नकाशा चिकटवलाय, त्यावर कंपासनं काढलेलं एक वर्तुळ आहे. केंद्रापासून चाळीस मिनिटांत जिथून परतता येईल तेवढंच आमचं जग. माझ्या सख्ख्या भावाचं लग्न वर्तुळाबाहेर निघालं, तर हे बस स्टँडपर्यंत मला पोचवायला आले आणि केबल चाचपत परत गेले. रजेचा अर्ज केला की मोठे साहेब म्हणायचे, “अहो, तुमच्याशिवाय इथं कुणाला काय कळतंय?” हरभऱ्याच्या झाडावर चढवायला साहेबांना काही खर्च येत नव्हता. आणि आमचे हे चढायचे. कंत्राटी माणूस, दर वर्षी मार्चमध्ये कंत्राट पुढे चालेल की नाही ही धास्ती, आणि तरी घरी येऊन तेच वाक्य मला ऐकवायचे, “माझ्याशिवाय कुणाला कळत नाही गं.” हाताखाली माणूस द्या, असं त्यांनी साहेबांना एकदाच सांगितलं. दुसऱ्यांदा का नाही सांगितलं, ते मी विचारलं नाही, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

यंत्रांच्या खोलीत त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: ‘हात लावू नये. एका वेळी एकच.’ म्हणजे दोन यंत्रं कधी एकदम बंद करायची नाहीत. एक बंद करा, चालू होऊ द्या, मग दुसरं. गेल्या अकरा वर्षांत तो नियम त्यांनी एकदाही मोडला नव्हता.

मग डोळा आला आडवा. साखर जुनीच, पथ्य नावाला. एक दिवस म्हणाले, डाव्या डोळ्यापुढे काळी जाळी तरंगतेय. मी म्हटलं, चष्मा पुसा. चार दिवसांनी म्हणाले, जाळी नाही, आता पडदा आलाय खालून. इथल्या डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बघितलं आणि माझ्याकडे वळून बोलल्या, कारण ह्यांच्याशी बोलून उपयोग नाही हे त्यांना दोन मिनिटांत कळलं होतं. “आतला पडदा सुटत चाललाय. ऑपरेशन इथं होत नाही, मोठ्या हॉस्पिटलला न्यावं लागेल. पंधरा दिवसांच्या आत. पुढे नेलंत तर डोळा गेला असं समजा. आणि उजवाही काही फार बरा नाही, तीन-तीन महिन्यांनी तिकडेच दाखवावा लागणार.”

मोठं हॉस्पिटल म्हणजे रेल्वेनं आठ तास. वर्तुळाच्या कितीतरी बाहेर.

साहेब नाही म्हणाले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. ते म्हणाले, “जा की. फक्त तिकडून बघता आलं पाहिजे. काहीतरी उपकरण बसवा. पण बजेट माहीत आहे ना तुम्हाला?” म्हणजे पी हळद आणि हो गोरी.

तर पंधरातले अकरा दिवस आमचे हे उपकरण निवडत होते. अशी कामं करणारी कंपनीची तयार पेटी मिळते, लोखंडी, सोळा भोकांची, दोन सिमकार्डांची. तिची किंमत ऐकून साहेबांनी पाण्याचा ग्लास मागवला. ती बाद झाली. मग हे भंगार बाजारातून एक जुनी आठ भोकांची पेटी घेऊन आले. सुरू केली तर पंख्याचा आवाज मिक्सरसारखा, आणि पासवर्ड उघडाच पाठवायची. हे म्हणाले, “ही म्हणजे दाराला कुलूप लावून किल्ली उंबऱ्यावर ठेवणारी बाई आहे.” ती परत गेली. शेवटी पत्त्यांच्या जोडाएवढा एक छोटा कॉम्प्युटर घेतला, त्याला मोबाईलचं सिम चालणारा डोंगल, आणि एका टोकाला यूएसबी नि दुसऱ्या टोकाला चार शेपट्या अशी एक केबल. सिम वेगळं कशाला, असं मी विचारलं. म्हणाले, “नेटवर्क मेलं म्हणून ज्याला बोलवायचं, तो त्याच नेटवर्कवरून कसा येईल?” एवढी अक्कल होती हो माणसाला.

चार शेपट्यांच्या केबलनं मात्र छळलं. तिच्या डोक्यात एक चिप असते आणि बाजारात निम्म्या चिप नकली. पहिली केबल अक्षरं गिळायची. दुसरी गरम व्हायची. तिसरी आणली आणि सबंध दिवस तिच्यातून एकच ओळ पाठवत बसले, किती अक्षरं हरवतात ते मोजायला. एकही हरवलं नाही. तरी ह्यांना भरवसा नाही. चिपवरची बारीक छपाई खरी की खोटी ते भिंग लावून बघायचे, डावा डोळा मिटून. इकडे डोळ्याचा पडदा सुटत चाललाय आणि माणूस चिपचं कुळ शोधतोय! मी चिडून म्हटलं, “मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा एवढी चौकशी करत नाही कुणी.” तर म्हणाले, “मुलगी परत येऊ शकते. पाणी गेलं की साहेब येतो.”

अखेर त्यांनी तोड काढली. तीन साध्या यंत्रांना त्या केबलच्या शेपट्या जोडल्या. मुख्य यंत्राला मात्र बाजारची चिप नको म्हणून छोट्या कॉम्प्युटरच्या स्वतःच्या पिनांतून थेट तार काढली, मधे सर्किटची एक इवलीशी पट्टी घरी सोल्डर करून बसवली. सगळ्यांत महत्त्वाच्या यंत्राला सगळ्यांत भरवशाची जोडणी. मग चाचणी घेतली. एकेक यंत्र बंद करून चालू केलं, मग पेटीही बंद करून चालू केली. घरून बघितलं, गच्चीवरून बघितलं, सगळं ठणठणीत.

मलाही शिकवलं. मी एका वकिलांकडे टायपिंग करते, वीस वर्षं झाली. इंग्रजी फाडफाड बोलता येत नाही, पण समोर दिसेल ते अक्षर न चुकता उतरवते. “ऑपरेशननंतर मला दिसणार नाही, तेव्हा तू माझे डोळे,” असं म्हणून त्यांनी मला लॅपटॉपवरून पेटीला कसं जोडायचं ते तीनदा करायला लावलं. पासवर्ड पाठ करून घेतला. “हे कुणाला सांगायचं नाही हं. बाहेरच्या माणसाला पासवर्ड दिला असं कळलं तर कंत्राट तिथल्या तिथं रद्द.” मी बाहेरची माणूस! मला हसूच आलं.

चौदाव्या दिवशी ऑपरेशन झालं. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता, तो आतून पडदा दाबून धरतो म्हणे. तिथल्या डॉक्टरांनी मला बजावलं, “सात दिवस मान खाली. जेवताना, झोपताना, शौचाला जातानासुद्धा तोंड जमिनीकडे. मान वर केली तर बुडबुडा सरकेल आणि पडदा पुन्हा सुटेल. मग माझ्याकडे दुसरा उपाय नाही.”

हॉस्पिटलसमोरच्या लॉजमध्ये आम्ही एक खोली घेतली होती. दोन खाटा, एक खिडकी, खिडकीबाहेर दुसऱ्या इमारतीची भिंत. हे पालथे, कपाळाखाली उशीचं कडं, नजरेसमोर फरशीचे दोन चौकोन. आयुष्यभर वर्तुळात राहिलेला माणूस आता दोन चौकोनांत आला होता. मी जमिनीवर बसून त्यांना चमच्यानं भरवायची, तेव्हा कुठे आमची नजरानजर व्हायची. “तुझ्या पायाचं बोट सुजलंय,” ते मला तिसऱ्या दिवशी म्हणाले. लग्नाला सव्वीस वर्षं झाली, माझे पाय त्यांनी पहिल्यांदा बघितले असतील.

चौथ्या दिवशी सकाळी सहाला फोन वाजला. पंप ऑपरेटर होता, गडबडलेला. “भाऊ, पहाटे लाइट गेली होती, जनरेटर लागला नाही. लाइट आली, सगळं उठलं, मुख्य यंत्रच उठत नाही. पंप बंद. टाक्या तासाभरात संपतील. मी मेन स्विच पाडून परत लावला, दोनदा, तरी तेच.”

मी त्यांच्या खांद्याकडे बघत होते. खांदे ताठ झाले होते. “लॅपटॉप घे,” ते मला म्हणाले. “घाई करू नको. शिकवलं तसं.”

मी जोडलं. पहिल्या झटक्यात लागलं. काळा पडदा उघडला. ओळी धावल्या, थांबल्या, आणि शेवटच्या ओळीत एक छोटी खूण लुकलुकत राहिली. कुणाची तरी वाट बघत असावी तशी.

“लागलं का?”

मी तोंड उघडणार, तेवढ्यात बघितलं की त्यांनी दोन्ही तळवे गादीवर रोवलेत. कोपरं ताठ होत होती. कपाळ उशीपासून सुटलं, चार बोटं, मग आणखी. त्यांना स्वतःला कळलंही नसेल. अकरा वर्षांची सवय होती ती. यंत्र बोलायला लागलं की हे बघणारच.

“नाही लागलं,” मी म्हटलं.

मान जागच्या जागी थांबली.

“लागत नाहीये. झोपा तुम्ही, झोपा आधी.” मी एका हातानं त्यांची मान खाली दाबली. जोरात दाबली. नखं लागली असतील.

“परत कर.”

मी बटणांवरून नुसतीच बोटं फिरवली. “नाही.”

“पासवर्ड नीट घातलास?”

“अहो, वीस वर्षं टायपिंग करतेय मी. नाही लागत.”

तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा आवाज रडवेला होता. मी तिसऱ्यांदाही नाही म्हटलं आणि लॅपटॉप मिटला. ठरवून काही केलं नाही मी. भीती वाटली, एवढंच. पण पहिलं ‘नाही’ भीतीचं होतं असं म्हटलं, तरी पुढच्या दोनांचं काय? त्यांत राग होता. त्या साहेबावर, त्या पाटीवर, भावाच्या लग्नावर, आणि ह्यांच्यावरही. एक दिवस तरी त्या लोकांना ह्यांच्याशिवाय राहू दे, असं मला वाटलं. ते वाटणं मला आवडलंही.

त्यांनी पालथ्यापालथ्याच साहेबांना फोन लावायला सांगितला. “साहेब, पेटी लागत नाही,” असं फरशीकडे बघत म्हणाले. पलीकडून काय बोलणं झालं ते मला ऐकू आलं नाही, पण ह्यांचे कान लाल झाले होते.

यंत्रांच्या कंपनीचा माणूस दुसऱ्या शहरातून गाडी करून केंद्रावर गेला. चार अक्षरं टाइप केली आणि बिल देऊन निघून गेला. तोवर दुपारचे दोन वाजले होते आणि अर्धं शहर कोरडं होतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजीबाईंनी टँकरच्या रांगेत दीड तास उभं राहून दोन कळशा जिन्यानं वर आणल्या, हे मला शेजारणीनं फोनवर सांगितलं. तेव्हापासून आजीबाई जिन्यात दिसल्या की मी चपला शोधायचं नाटक करते.

डोळा मात्र वाचला. परत आल्यावर पाच आठवड्यांनी बुडबुडा विरला आणि डाव्या डोळ्यानं त्यांना दारातलं माणूस ओळखू यायला लागलं. वाचता येत नव्हतं, उजवा लवकर थकायचा. डॉक्टरीणबाई खूष झाल्या. मी पेढे वाटायच्या बेतात होते, तेवढ्यात साहेबांचं पत्र आलं. सरकारी भाषा, पण मुद्दा सरळ होता. त्या दिवशी उपकरण का चालले नाही? दोष माणसाचा की उपकरणाचा? माणसाचा असल्यास कंत्राटाचा फेरविचार करण्यात येईल. उपकरणाचा असल्यास ते तत्काळ काढावे आणि संबंधिताने यापुढे शहर सोडू नये. तीन दिवसांत खुलासा.

पेटी केंद्रावरून काढून त्यांनी घरी आणली होती. बाल्कनीत खुर्ची टाकून, लॅपटॉपवरची अक्षरं बोटभर मोठी करून, दोन दिवस तिच्यात दोष शोधत होते. मी भाजी निवडत बसायची आणि मनातल्या मनात मरायची. ज्या डोळ्यासाठी मी खोटं बोलले तोच डोळा हे ताणून ताणून लाल करत होते. बोलू की नको, बोलू की नको, असं करता करता तिसरा दिवस उजाडला आणि त्यांनी मला हाक मारली.

“इकडे ये. पेटी प्रत्येक गोष्टीची वेळ लिहून ठेवते. माहीत होतं का तुला?”

मला माहीत नव्हतं.

“सहा वाजून बारा मिनिटं, जोडलं. सहा एकोणीस, सोडलं. मधे समोरच्या यंत्रानं काय काय दाखवलं ते सगळं इथं आहे. आणि इकडून एक अक्षर गेलेलं नाही.”

मी कठड्याला टेकून उभी राहिले. “तुमची मान वर आली होती,” मी म्हटलं. “चार बोटं. आणखी येत होती.”

मी त्यांच्या ओरडण्याची वाट बघत होते, ओरडले असते तर बरं झालं असतं. पण त्यांनी पेटी हातात घेतली आणि तिच्यावरून अंगठा फिरवत म्हणाले, “म्हणजे लागत होती. लागतच होती ना?” त्यांच्या चेहऱ्यावर मला चक्क आनंद दिसला.

मग त्यांनी मला चूकही दाखवली, स्वतःची. मुख्य यंत्र उठताना दोन क्षण थांबतं. तेवढ्यात कुणी काही टाइप केलं तर त्याला वाटतं, माणूस आलाय, हुकमाची वाट बघू. आणि तो छोटा कॉम्प्युटर उठताना स्वतःशी चार ओळी पुटपुटतो, त्याच पिनांतून. दोघं वेगवेगळे उठले तर काही बिघडत नाही. लाइट गेली आणि दोघं एकदम उठले, की एकाची बडबड दुसऱ्याला हुकूम वाटते. “आणि मी दोघांना एकदम कधी बंदच केलं नाही,” ते म्हणाले. “एका वेळी एकच. बाजारच्या केबलवर ठेवलं असतं तर काही झालं नसतं. एक तार बदलली की संपलं. मग कुठूनही चालेल ही, कुठूनही.”

“मग तसंच लिहा ना साहेबांना.”

“लिहितो. पण त्या दिवशी का लागली नाही, ते विचारतायत ते. लागली होती असं लिहिलं तर सात मिनिटं कोण बघत बसलं होतं? मी असेन तर मी मुद्दाम शहर कोरडं ठेवलं. तू असशील तर मी बाहेरच्या माणसाला पासवर्ड दिला.”

“सिमला रेंज नव्हती म्हणा.”

“बाकी तीन यंत्रांचे आकडे त्याच सिमवरून साहेबांच्या मोबाईलवर जात होते, सकाळभर.”

मी म्हटलं, माझं नाव लिहा, काय करतील, फासावर देतील का? त्यांनी मान हलवली. चुलीत गेलं कंत्राट, असंही मी म्हटलं. तेव्हा ते हळूच म्हणाले, “उजवा डोळा आहे अजून. त्याची औषधं आहेत. कंत्राट लागतं गं.”

त्याच उजव्या डोळ्याला तीन महिन्यांनी आठ तासांवर न्यायचं होतं. ते दोघांनाही आठवत होतं, दोघंही बोललो नाही.

संध्याकाळी त्यांनी खुलासा सांगितला आणि मी टाइप केला. सदर स्वस्त उपकरण भरवशाचे नाही. वेळेवर जोडले गेले नाही. निवड माझी चुकली. यापुढे असे उपकरण वापरू नये, मी स्वतः केंद्रावर उपस्थित राहीन. एका ठिकाणी माझी बोटं थांबली तेव्हा ते म्हणाले, “पुढे?” आणि मी पुढे टाइप केलं. कागद छापून काढला. मोठ्यानं वाचून दाखवायला सांगितलं, तोही वाचला, पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत, जसा होता तसा.

ते पेन घेऊन टेबलाशी बसले. कागदावर वाकले, मान खूप खाली घातली, तरी त्यांना ओळ सापडेना.

“सही कुठं करायची?” त्यांनी विचारलं. “बोट ठेव जरा.”

मी बोट ठेवलं.